सतरावा थर

१

राजलक्ष्मी फडतरेचा हात कधी हलत नाही, असं तुर्भ्याच्या त्या गाळ्यात सगळेच म्हणायचे आणि ते खरंही होतं. चहाचा ग्लास उचलताना हलायचा, सही करताना हलायचा. पण एकदा ती पाटीसमोर बसली की बटण दाबून संपेपर्यंत तिच्या मनगटाला कंप म्हणून ठाऊक नसायचा.

सत्त्याण्णव साल होतं. आशुतोष सरांच्या गाळ्यात फोम कापायचं काम चाले. बोटीनं परदेशी जाणारी नाजूक यंत्रं, काचेची नळकांडी, मोजमापाची उपकरणं पेटीत हलू नयेत म्हणून त्यांच्याच आकाराचा खळगा फोममध्ये कोरून द्यायचा. कोरायचं यंत्र संगणकावर चालायचं. पण त्या यंत्राला डोळे नव्हते. रेघ कुठून निघते, कुठे वळते, हे त्याला कुणीतरी बिंदू बिंदू करून सांगावं लागे. ते काम राजलक्ष्मीचं.

तिच्या पुढ्यात ड्रॉइंग बोर्डाएवढी डिजिटायझरची पाटी असायची. तिच्यावर पेन्सिलीनं आकार काढलेला बटर पेपर चारी बाजूंनी चिकटवायचा. हातात साबणाच्या वडीएवढा ‘पक’, त्याच्या टोकाला भिंग, भिंगात बारीक तारेची फुली. फुली बरोबर रेघेवर आणायची आणि बटण दाबायचं. टिक्. पडद्यावर एक बिंदू उमटायचा. असं करत आकाराला पूर्ण प्रदक्षिणा घालायची आणि शेवटचा बिंदू पहिल्या बिंदूला जोडून आकार बंद करायचा. आकार बंद झाला नाही तर यंत्र पातं खाली आणायचंच नाही.

फोमची धूळ संगणकात जाऊ नये म्हणून तिची केबिन काचेची होती आणि खिडकी स्क्रू मारून कायमची बंद केलेली होती. दाराला कडेनं जाड रबर होतं. ते दार बाहेरून सहज उघडायचं, पण आतून ओढताना दोन्ही हात लावावे लागायचे. पहिल्या महिन्यात तिला तिथं कोंडल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली. बाबासो फडतरे कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होता. त्याच्या मुलीनं काचेच्या केबिनमध्ये एसीत बसून काम करावं, यापुढे जरासं कोंडणं म्हणजे काय!

२

गुरुवारी सकाळी टेम्पोवाला भैरू एक लांबट गुंडाळी घेऊन आला.

“द्रोणागिरीच्या गोडाऊनमधून हाय, मॅडम. अठ्ठावीस कागद. मोजून घ्या.”

“आणि वस्तू? सँपल?”

“सँपल नाय दिला. बोलले, कागदावर सगळा हाय.”

हे जरा वेगळं होतं. एरवी वस्तू समोर यायची, मग तिच्याभोवती पेन्सिल फिरवून आकार घ्यायचा. सोबतच्या चिठ्ठीत मात्र सगळं नीट लिहिलेलं होतं. एक इंच जाडीचे अठ्ठावीस थर. प्रत्येक कागद म्हणजे एक थर, तळापासून वरपर्यंत नंबर घातलेले. थर एकावर एक रचले की आत वस्तूच्या आकाराची पोकळी तयार होणार. खाली शेवटची ओळ होती : ‘माल आत घट्ट बसला पाहिजे.’

यंत्रावर बसणारा हौसेराव कऱ्हाडकडचा, पूर्वीचा सुतार. त्यानं पहिला कागद उजेडात धरला. त्यावर पुढे दोन लांबट आकार होते आणि मागे एक रुंद आकार.

“मूर्ती असंल,” तो म्हणाला. “बैठी मूर्ती. फुडं दोन पाय, मागं बैठक. आमेरिकेला जात असतील की अशा.”

“दगडाची असेल?”

“आता ते मला काय ठावं? तू आपली रेघ काढ.”

तिनं रेघ काढायला घेतली. संध्याकाळपर्यंत नऊ कागद झाले. पेन्सिलीची रेघ सुरेख होती, कुठेही खोडलेली नाही, कुठेही दाब कमीजास्त नाही. फक्त दहाव्या कागदापासून मागच्या बाजूला सुपारीएवढा एक फुगवटा दिसायला लागला. अकराव्यावरही होता, बाराव्यावरही. काढणाऱ्याचा हात तिथं अडखळत असेल, असं तिला वाटलं. तिनं तोही जसाच्या तसा उतरवला.

३

शुक्रवारी दुपारी हौसेरावानं काचेवर टकटक केली. त्याच्या हातात पंधराव्या थराचा कापलेला तुकडा होता.

“पोरी, ही काय करवत काढलीयास?”

तिनं कडेवरून बोट फिरवलं. चौदाव्या थरापर्यंत लोण्यासारखी गुळगुळीत आलेली कड इथं दातेरी होती. एक बिंदू आत, एक बाहेर, दोन आत, एक बाहेर.

“पातं बोथट झालं असेल.”

“पातं काल बदललंय. तुझ्याच फायलीत हाय ते. बघ की.”

तिनं फाईल मोठी करून पाहिली. हौसेरावाचं खरं होतं. तिचाच हात हलला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तिनं पंधरावा कागद पुन्हा चिकटवला, पुन्हा सगळे बिंदू घेतले. पुन्हा दाते. सोळावा घेतला. दाते. सतरावा तर सगळ्यात वाईट. सुट्टीची वेळ होत आली तरी ती उठली नाही. अठरा, एकोणीस, वीस. सगळीकडे तेच. मग तिनं एकविसावा लावला आणि रेघ पुन्हा नितळ पाण्यासारखी सरळ आली. खात्रीसाठी मागे जाऊन तिसरा कागद काढला. तोही स्वच्छ.

म्हणजे हात हलत नव्हता. हलतच असेल तर फक्त सहा कागदांवर हलत होता.

तिनं सतराव्या कागदाचे सगळे बिंदू पडद्यावर घेतले आणि मधल्या रेघा पुसून टाकल्या. नुसते ठिपके उरले. ठिपके विस्कटलेले नव्हतेच. त्यांच्या दोन ओळी होत्या. आतले ठिपके जोडले तर एक सुंदर बंद आकार होत होता. बाहेरचे जोडले तर तसाच दुसरा, सगळ्या बाजूंनी तीन मिलिमीटरनं मोठा. अधलेमधले ठिपके फारच थोडे.

कागदावर रेघ मात्र एकच होती.

४

शनिवारी ती अर्धा तास आधी आली. रात्रभर तिनं कारणं जुळवून ठेवली होती. बटर पेपर दमट हवेनं फुगतो. एसीच्या झोतानं पाटीवरचा कागद उचलला जात असेल. डोळे थकले असतील. या तिन्ही गोष्टी शक्य होत्या.

तिनं सतरावा कागद चारऐवजी बारा ठिकाणी चिकटवला. एसी बंद केला. दार लावून घेतलं. मग भिंगाखालची फुली रेघेवर ठेवली आणि बटण न दाबता नुसती बघत राहिली.

फुलीखाली रेघ होती. काळी, बारीक, स्थिर.

मग ती निघाली. फुलीखालून हळूच बाहेरच्या बाजूला सरकली, थांबली आणि तितक्याच सावकाश परत आली. आली, फुलीखाली विसावली. पुन्हा निघाली.

राजलक्ष्मीनं पक बाजूला केला. नुसत्या डोळ्यांना रेघ जागच्या जागी होती. तिच्यावर नख ठेवलं. नखाखाली काही हललं नाही. पुन्हा भिंग ठेवलं. रेघ बाहेर गेली, थांबली, आत आली. घाई नव्हती, गडबड नव्हती. तिनं मनातल्या मनात आकडे मोजले. जाताना दोन, येताना तीन, मग जराशी उसंत. जाताना दोन, येताना तीन.

एसी बंद असल्यानं केबिन तापली होती. पाटीच्या आतून बारीक गुणगुण येत होती, ती नेहमीचीच. पण त्या गुणगुणीखाली आणखी काहीतरी आहे असं वाटून तिनं कान दिला. काही नव्हतं. आपणच नाकानं जोरात श्वास घेतोय, हे तिच्या ध्यानात आलं. आणि मग हेही ध्यानात आलं, की तिचा श्वास केव्हाच त्या रेघेच्या ठेक्यावर पडला होता.

ती उठली. दार ओढलं. ते आलं नाही. दोन्ही हात लावले, पाय टेकवून मागे रेलली, तरी रबर चिकटल्यासारखं जागच्या जागी. काचेपलीकडे गाळा रिकामा होता. तिनं काचेवर तळहात आपटले. पाठीमागे कागद होता, आणि तो पाहायला वळायचं तिला धाडस होईना.

झाडलोट करणारी शकुबाई तेवढ्यात आली म्हणून बरं. तिनं बाहेरून एका बोटानं दार ढकललं.

“काय गो बाय? घामान भिजलीस जशी.”

“एसी बंद पडला होता,” राजलक्ष्मी म्हणाली.

५

आशुतोष सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. रेघ हलते हे सोडून बाकी सगळं तिनं सांगितलं.

“दोन आउटलाइन येतायत? मग एक निवड. त्यात काय!”

“कुठली निवडू, सर?”

“लहान. चिठ्ठीत काय म्हटलंय? माल घट्ट बसला पाहिजे. सैल राहिला तर बोटीवर हलेल, मग फुटेल, मग नाव आपलं. आतले पॉइंट्स घे, बाहेरचे सोडून दे.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून ते जरा थांबले. “उद्या रविवार आहे. झोप काढ. स्क्रीनकडे बघून बघून होतं असं. टेन्शन घेऊ नकोस.”

यात न पटण्यासारखं काहीच नव्हतं. तिनं सहाही कागदांचे आतले बिंदू घेतले, आकार बंद केले आणि फ्लॉपी हौसेरावाला दिली. बाहेरचे बिंदू मात्र पुसून टाकायला तिचा हात धजेना. ते तिनं दुसऱ्या फ्लॉपीवर घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवले.

रविवारी सकाळी आईनं, वेणूबाईनं, तिला केसाला तेल लावायला पुढ्यात बसवलं. कोपरखैरण्याच्या त्या एका खोलीत चौघांना एका वेळी पाय पसरायला जागा नसायची. त्यामुळे राजलक्ष्मी लहानपणापासून अंग चोरूनच बसायची. गुडघे छातीशी, हातांची मिठी नडग्यांभोवती, कपाळ गुडघ्यांवर.

“हलू नगंस,” आई म्हणाली. “येणी वाकडी व्हतीया.”

“हलत नाहीये.”

“मग श्वास का धरलायस? पाठ कशी दगडावानी लागतीया. सोड की.”

तिनं श्वास सोडला. कपाळ गुडघ्यांवर, डोळ्यांपुढे अंधार, पाठीवर आईची बोटं. तिला बरं वाटलं. त्या अंधारात खूप वेळ बसून राहावं असं वाटलं, आणि तसं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

६

सोमवारी सगळे थर कापून झाले. मंगळवारी सकाळी भैरू येऊन कागदांसकट माल घेऊन गेला. आशुतोष सर पुण्याला गेले होते. राजलक्ष्मीनं दुसरं काम लावलं. दुर्बिणीची पेटी होती, सोपी. रेघा सरळ येत होत्या. तिला हलकं वाटू लागलं.

बुधवारी अकराच्या सुमाराला शकुबाईनं केबिनचं दार ढकललं. ही बाई सारसोळ्याची. खळग्यातून निघालेले फोमचे तुकडे गाद्या भरायला घरी न्यायची. या अठ्ठावीस थरांचे तुकडे तिनं मागच्या भिंतीशी साठवून ठेवले होते.

“राजूबाय, जरा इकरं ये.”

“काय झालं?”

“ये तं खरी.”

मागच्या बाजूला, पुठ्ठ्यांच्या ढिगाजवळ, तिनं ते तुकडे एकावर एक रचले होते. हौसेरावानं प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर टाकला होता, त्या क्रमानं. मूर्ती कुठल्या देवाची हाय ते बघावं म्हनून रचलं, असं ती सांगत होती. राजलक्ष्मीला ते नीट ऐकू आलं नाही.

भिंतीशी एक बाई बसलेली होती.

पायऱ्यापायऱ्यांची, पांढऱ्या फोमची, गुडघे छातीशी घेऊन बसलेली बाई. कपाळ गुडघ्यांवर टेकलेलं. हातांची मिठी नडग्यांभोवती. आणि दहाव्या थरापासून बाविसाव्या थरापर्यंत, पाठीवरून खाली आलेली, सुपारीएवढ्या जाडीची वेणी.

“ही देवी नाय,” शकुबाई हळू आवाजात म्हणाली. “देव असा तोंड लपवून नाय बसत. ही कोन तरी हाय.”

हौसेराव हात पुसत आला. त्यानं पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

शकुबाईनं वाकून त्या आकृतीच्या बरगड्यांवर हात ठेवला. पंधरा ते वीस. चौदाव्या आणि एकविसाव्या थरांपेक्षा ते सहा थर सगळ्या बाजूंनी नखाएवढे आत गेलेले होते. त्यामुळे तिची छाती खोल, रिकामी दिसत होती.

“आनी ह्या काय केलाव तुमी? सगळी बरोबर कापली, पन छाती बघ. श्वास सोरलेला हाय हिनं. आता घ्यावा म्हनला तं जागाच नाय ठेवली.”

जाताना दोन, येताना तीन.

राजलक्ष्मी तिथंच पुठ्ठ्यांवर बसली. रेघ कशानं हलत होती ते आता तिला कुणी सांगायला नको होतं. आतली रेघ तिनं निवडली होती. स्वतःच्या न हलणाऱ्या हातानं तिनं तो आकार बंद केला होता.

“हौसेरावकाका,” ती म्हणाली, “माझ्याकडे दुसरी फ्लॉपी आहे. बाहेरच्या रेघेची. सहा थर कापायला किती वेळ लागेल?”

हौसेरावानं एकदा त्या बसलेल्या बाईकडे पाहिलं.

“तासभर,” तो म्हणाला. “भैरूला बोलवून घे.”

७

द्रोणागिरीला पोचायला दुपारचे अडीच झाले. टेम्पोच्या पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीनं बसलेली. राजलक्ष्मी भैरू आणि हौसेरावाच्या मध्ये, आणि मागे दोरीनं बांधलेले सहा थर. रस्ताभर दोन्हीकडे खाडीचा चिखल आणि त्यात अर्धवट टाकलेला भराव. भैरू काहीबाही बोलत होता. तिची छाती दोघांच्या खांद्यांमध्ये आवळली गेली होती. पुरता श्वास घ्यायला ती टेम्पो कुठे थांबतोय याची वाट बघत होती.

गोडाऊन मोठं होतं आणि जवळजवळ रिकामं. पत्र्याचं छत उन्हानं तडतडत होतं. मधोमध एकच लाकडी पेटी. राखणदार उदयसिंह खुर्चीवरून उठला.

“तीन वाजता ट्रेलर येणार आहे मॅडम. पेटी बंद झाली.”

“त्यातले सहा थर चुकीचे गेलेत,” राजलक्ष्मी म्हणाली. “माझी चूक आहे. बदलून देते. अर्धा तास.”

“साहेब लोकांना विचारायला पाहिजे.”

“कुठे आहेत?”

“इथं कुणी नसतं. फॅक्स येतो.”

“आत काय भरलंय? पाहिलंत तुम्ही?”

उदयसिंहानं नजर वळवली. “मी जेवायला गेलो होतो. आलो तर झाकण लागलं होतं.”

हौसेरावानं त्याला बाजूला घेतलं. गाव कुठलं, पाहुणे कोण, असं काहीतरी दोघांचं चाललं. पाच मिनिटांनी हौसेराव पहार घेऊन आला आणि झाकणाचे खिळे करकरत उपसायला लागला.

झाकण निघालं. वर फोमचा अख्खा पत्रा. तोही काढला. खाली अठ्ठाविसावा थर, मध्ये बशीएवढं भोक. भोकात काळोख.

राजलक्ष्मीला वाटलं होतं की इथं केस दिसतील. दिसले नाहीत. हौसेरावानं बाही वर करून खांद्यापर्यंत हात आत घातला. तेवढा वेळ तिनं डोळे मिटून घेतले.

“रिकामी हाय,” तो म्हणाला.

“नीट बघा.”

“आगं रिकामी हाय! फकस्त भोक हाय.” आणि तो हसला. आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी हसत होतं. “मूर्ती अजून यायचीच असंल. फोम तेवढा भरून ठेवलाय. आपुन उगाच...”

तीही हसली. दोघांनी मिळून एक एक थर उचलून बाजूला ठेवला. सत्तावीस, सव्वीस, पंचवीस. प्रत्येक भोकातून उजेड आणखी खाली पोचायचा आणि तिथंही काही नसायचं. एकविसावा निघाला. मग तिनं विसावा उचलला आणि हसायची थांबली.

थराची आतली कड दमट होती. उबदार. ताप आलेल्या माणसाच्या डोक्याखालून उशी काढावी, तशी. एकोणीस, अठरा, सतरा, सगळे तसेच. चौदावा कोरडा ठणठणीत.

“गोडाऊन तापलंय,” हौसेराव म्हणाला. तिनं काही विचारलं नव्हतं.

तिनं नवे सहा थर एकेक करून बसवले. तळहातानं दाबून, वेणीचा फुगवटा जुळवून. मग वरचे आठ. मग अख्खा पत्रा. हौसेरावानं झाकण ठेवलं आणि खिळे ठोकायला घेतले. ठोक्यांचा आवाज छताच्या पत्र्यावर आपटून परत येत होता. ती पेटीला टेकून उभी होती. जमेल तेवढं केलं, असं तिच्या मनात होतं.

शेवटचा खिळा आत गेला. घुमणारा आवाज विरला.

आणि पेटीच्या आत कुणीतरी श्वास घेतला.

लांब, नाकातून घेतलेला, पार तळापर्यंत जाणारा श्वास. फार वेळ पाण्याखाली राहून वर आलेलं माणूस घेतं, तसा. तिच्या पाठीला टेकलेली फळी किंचित तिच्याकडे आली.

हौसेरावाचा हातोडा वरच्या वर राहिला. उदयसिंहानं पेटीकडे पाहिलं आणि लगेच दाराकडे पाहिलं. बाहेर ट्रेलर मागे घेतल्याचा टीं-टीं आवाज सुरू झाला होता.

“उघडा,” राजलक्ष्मी म्हणाली. “काका, उघडा. आत्ता.”

तिनंच पहार उचलली. फटीत घातली. पण हात असा थरथरत होता की टोक फटीत राहीना. एक खिळा सुटला, दुसरा वाकला. तोवर चार हमाल ट्रॉली घेऊन आत आले होते. मॅडम, मागं व्हा. मॅडम, बोट सुटंल. कुणीतरी तिच्या हातातून पहार काढून घेतली. ती ओरडत होती की आत माणूस आहे. हौसेरावानं स्वतःचा हात खांद्यापर्यंत आत घालून पाहिला होता. हमालांनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. पेटी ट्रॉलीवर चढली.

ती शेजारून चालत राहिली, फळीला कान लावून. श्वास आत गेला होता. तो बाहेर यायला हवा होता. दोन, तीन, चार. ती मोजत होती. ट्रेलरचं फळकं आपटून बंद झालं. वीस, एकवीस. गाडी हलली. ती तरीही मोजत होती.

“पोरी,” हौसेराव म्हणाला. त्यानं तिचे दोन्ही खांदे धरले होते. “ये पोरी, श्वास सोड.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं.

“आगं सोड म्हनतो न्हवं! तोंड काळंनिळं पडलंय तुझं. सोड!”

भैरू पाणी घेऊन धावत आला. उदयसिंह तिची पाठ चोळत होता. फाटकातून ट्रेलर बाहेर पडला आणि बंदराच्या रस्त्याला वळला. राजलक्ष्मी त्याच्याकडे बघत उभी होती. छाती काठोकाठ भरलेली, तोंड उघडं. सोडायचा होता. ती आटोकाट प्रयत्न करत होती. पण तो केव्हा सोडायचा, हे आता तिच्याकडे राहिलेलं नव्हतं.